वॅक्सिंग अर्ध्या तासाचे, काळजी चार दिवसांची

तुळशीचे लग्न लागले की आमच्या बेळगावात लग्नसराईची गडबड सुरू होते. खडेबाजारात बस्त्याची गर्दी उसळते, कार्यालयांच्या तारखा मिळेनाशा होतात आणि माझ्या छोट्याशा पार्लरमधला फोन दिवसभर वाजत राहतो. बहुतेक फोनवर प्रश्न एकच असतो, "अक्का, उद्या हळद आहे. आज वॅक्सिंग करून द्याल की नाही?" फोन मराठी घरातून असो वा कन्नड घरातून, मी सगळ्यांचीच अक्का!

या प्रश्नाला मी "नाही" म्हणते तेव्हा नवरीच्या आईला राग येतो. आलेले गिऱ्हाईक ही बाई परत का घालवते, असेही काहींना वाटते. पण मैत्रिणींनो, या नकाराला कारण आहे. गेली २२ वर्षे हे काम करताना एक गोष्ट मला पक्की कळली आहे. वॅक्सिंग अर्ध्या-पाऊण तासात उरकते, पण ते चांगले झाले की वाईट, हे ठरते आधीच्या दोन दिवसांत आणि नंतरच्या दोन दिवसांत. हे चार दिवस ग्राहकाच्या हातात असतात, पार्लरवालीच्या नव्हे. म्हणून आज या चार दिवसांविषयीच बोलूया.

त्वचेचे नेमके होते काय?

वस्तऱ्याने केस कापला जातो, वॅक्सने तो मुळापासून ओढून निघतो. केस निघाला की त्याच्या मुळाची बारीक नळी रिकामी होते. पट्टीबरोबर त्वचेच्या वरच्या थरातला मृत पेशींचा पापुद्राही थोडा निघून येतो. म्हणजे डोळ्यांना दिसली नाही तरी ती एक किरकोळ जखमच असते. वॅक्सिंगनंतर हाता-पायांवर लाल ठिपके उठतात ते यामुळेच. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ते जातात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

घाबरायचे ते वेगळ्याच गोष्टीला. अशा उघड्या त्वचेवर घाम, मळ, सुवासिक साबण, डिओडरंट, लिंबू किंवा कडक ऊन पडले की तिची आग होते, पुळ्या येतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा आणखी एक स्वभाव आहे. तिला सूज आली, भाजले, खरचटले की ती जागा काळी पडते. लाली दोन दिवसांत जाते, पण काळा डाग जायला महिने लागतात. उद्याच्या हळदीसाठी आज वॅक्सिंग करायला मी तयार होत नाही, ते या भीतीने.

आधीचे दोन दिवस

केस किती वाढलेले असावेत? साधारण पाव इंच, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे. त्याहून आखूड असतील तर वॅक्स त्यांना धरत नाही. ते मध्येच तुटतात आणि पुढे त्वचेच्या आतच वळून वाढतात. फार लांब असतील तर ओढताना दुखते, अशा वेळी आधी कात्रीने थोडे कापून घ्यावेत. वस्तरा फिरवला असेल तर किमान दोन-तीन आठवडे थांबावे.

दोन दिवस आधी अंघोळीच्या वेळी मऊ कापडाने किंवा बेसनाने, म्हणजे आपल्या कडली हिट्टूने, अंग हलक्या हाताने चोळावे. मृत पेशी निघाल्या की केस मोकळे होतात. मात्र वॅक्सिंगच्या दिवशी चोळू नये. त्या दिवशी तेल किंवा लोशनही लावू नये, कारण तेलकट त्वचेवर वॅक्स घसरतो. अंग स्वच्छ आणि कोरडे हवे.

पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि पाळीचे दिवस पुष्कळजणींना जास्त दुखतात. जमेल तर ते टाळावेत. दिवसभर शेतात किंवा सहलीला उन्हात फिरून त्वचा रापली असेल तर ती शांत होईपर्यंत थांबावे. पहिलीच वेळ असेल तर आदल्या दिवशी हातावर रुपयाएवढ्या जागेवर वॅक्स लावून पाहावा आणि २४ तास वाट पाहावी. पुष्कळ तयार वॅक्समध्ये पाइनच्या झाडाची राळ असते आणि काहींना तिची ॲलर्जी असते. साधी चिकटपट्टी लावली तरी ज्यांना खाज सुटते, त्यांनी तर ही चाचणी जरूर करावी.

'दुखू नये म्हणून' सुन्न करणारे मलम आणून सगळ्या पायांना चोपडण्याची युक्ती काहीजणी करतात. ती करू नका. मोठ्या भागावर लावलेल्या अशा मलमातले औषध रक्तात उतरून अपाय होऊ शकतो.

हे मात्र लपवू नका

माझ्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीला मी आधी विचारते, "तोंडाला काय लावतेस? गोळ्या कुठल्या चालू आहेत?" पुष्कळजणी लाजून "काही नाही" म्हणतात. हे "काही नाही" महागात पडते.

मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा अडापलीन असलेले मलम लावत असाल तर त्वचेचा वरचा थर नाजूक झालेला असतो. अशा ठिकाणी वॅक्सची पट्टी ओढली की केसाबरोबर कातडीही निघून येते. डॉक्टरांना विचारून असे मलम काही दिवस आधी बंद करावे लागते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा त्या बंद करून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्सिंग करूच नये.

दुसरा धोका 'गोरे होण्याच्या' मलमांचा. यांतल्या काहींत स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तिन्ही औषधे एकत्र असतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून मुली महिनोन् महिने लावत राहतात आणि कातडी कागदासारखी पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमे 'शेड्यूल एच' या यादीत घातली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरीही घराघरांत ही ट्यूब सापडते. मैत्रिणीने सांगितली, वहिनीने दिली, झाले!

दोन वर्षांपूर्वी खानापूरकडची एक मुलगी लग्नाला पाच दिवस उरले असताना माझ्याकडे आली. तिने दुसरीकडे वरच्या ओठाचे वॅक्सिंग करून घेतले होते. तिथे कातडी सोलवटून लाल पट्टा उठला होता, पाणी लागले तरी डोळ्यांत पाणी येत होते. विचारल्यावर कळले की तीन महिने असलेच मलम चालू होते. तिला कुणी विचारले नव्हते, तिनेही सांगितले नव्हते. मी काही न लावता तिला थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. लग्नात मेकअपवाली ओठांभोवती लेप लावायला गेली, तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाईंनीच तिला थांबवले. बाई कन्नड बोलणाऱ्या, मराठी मोडकेतोडके, पण म्हणाल्या, "पोरीला दुखतंय. फोटो कसा पण येऊ दे." अशी सासू मिळाली म्हणून ठीक. पण सांगायचे ते आधी सांगितले असते तर ही वेळच आली नसती.

मधुमेह असेल तर जखम सावकाश भरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्वचेखाली रक्त साकळू शकते. अशा बायकांनी डॉक्टरांना विचारूनच वॅक्सिंग करावे. पायांवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा, तीळ, चामखीळ, जखम यांवर वॅक्स लावायचा नाही. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे नीट वाळत नाहीत आणि जांघेत, काखेत नायटा होतो. नायटा असताना वॅक्सिंग केले तर तो पसरतो, आणि पार्लरमधल्या इतरांनाही लागू शकतो. आधी नायट्याचा इलाज, मग वॅक्सिंग.

नवरीसाठी क्रम

घर मराठी असो, कन्नड असो की आई एका भाषेची आणि सासर दुसऱ्या भाषेचे असो, आपल्या लग्नात हळद म्हणजेच अरिशिण असते, हिरवा चुडा असतो आणि हल्ली मेंदीही असतेच. या तिन्हींचा आणि वॅक्सिंगचा क्रम चुकला की पंचाईत होते. चुडा भरल्यावर कोपरापर्यंतच्या हाताला वॅक्स लावणार कसा? मेंदी काढल्यावर वॅक्स केला तर पट्टीबरोबर रंगही जातो. आणि ताज्या वॅक्सवर हळद चोळली तर नवरी हळदीने नाही, आगीनेच लाल होते!

म्हणून लग्न रविवारी आणि हळद शनिवारी असेल तर वॅक्सिंग बुधवारी करावे. मेंदी गुरुवारी संध्याकाळी किंवा शुक्रवारी, त्यानंतर चुडा, मग हळद. फेशियल आणि ब्लीच आठवडाभर आधीच उरकावे. वॅक्सिंगच्या दिवशी ब्लीच अजिबात करू नये. 'काळी मेंदी' या नावाने मिळणारी मेंदी तर नकोच. तिच्यात पुष्कळदा केसांच्या कलपात असणारे पीपीडी हे रसायन मिसळलेले असते. त्याने अंगावर फोड येतात आणि डाग राहतात.

ज्या मुलीने आयुष्यात कधी वॅक्सिंग केले नाही, तिने ते पहिल्यांदा लग्नाच्या आठवड्यात करू नये. महिना-सव्वा महिना आधी एकदा करून पाहावे. त्वचा कशी वागते ते कळते आणि दुसरी खेप बरोबर लग्नाच्या आधी येते.

पार्लरच्या खुर्चीत

इथे तुम्ही ग्राहक आहात, बघण्याचा आणि विचारण्याचा हक्क तुमचा. वॅक्स लावण्याआधी त्याची ऊब मनगटावर तपासली जाते का? एका बाईच्या काखेत फिरवलेली पट्टी पुन्हा त्याच डब्यात बुडवतात का? कापडी पट्ट्या धुतलेल्या आहेत की कालच्याच? काम करणारीने हात धुतले का? वॅक्सिंगमध्ये रक्ताचा एखादा ठिपका येऊ शकतो, त्यामुळे ही स्वच्छता म्हणजे चोचले नव्हेत.

वॅक्स केसांच्या दिशेने लावतात आणि पट्टी उलट दिशेने, त्वचेला लागून, झटक्यात ओढतात. दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरलेली असावी. एका जागी दोनदापेक्षा जास्त पट्टी मारू देऊ नका. राहिलेला एखादा केस चिमट्याने काढता येतो.

आणि गरम लागले तर बोला! पुष्कळ मुली ओठ दाबून सहन करतात. "अक्का, भाळ बिसी ऐत्री" म्हणा, नाहीतर "फारच गरम आहे की हो" म्हणा. कुठल्याही भाषेत म्हणा, पण लगेच म्हणा. सोसण्याची परीक्षा इथे कुणी घेत नाही.

नंतरचे दोन दिवस

वॅक्सिंग झाल्यावर गार पाण्याने अंग पुसून घ्यावे आणि गार पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल पाच-दहा मिनिटे ठेवावा. त्यावर सुवास नसलेले कोरफडीचे जेल लावावे. घरची कोरफड, म्हणजे लोळेसर, वापरायची असेल तर पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक वाहून जाऊ द्यावा, पान धुवावे आणि आतला पांढरा गरच घ्यावा. त्या पिवळ्या चिकाने खाज सुटते.

पहिले २४ तास कडक पाण्याची अंघोळ, पोहणे, व्यायामशाळा आणि काखेत डिओडरंट किंवा अत्तर टाळावे. घट्ट जीन्स आणि नायलॉनचे कपडे बाजूला ठेवून सैल सुती कपडे घालावेत. दोन दिवस कडक ऊन टाळावे. बाहेर जावेच लागले तर उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन लावावे. एप्रिल-मेच्या लग्नांत घामाचा त्रास जास्त. अशा वेळी दिवसातून दोनदा साध्या पाण्याने अंग धुऊन टिपून घ्यावे, चोळू नये.

आजीच्या बटव्यातले सगळेच इथे चालत नाही. लिंबू तर मुळीच नको. एक तर ते झोंबते, आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात.

तीन दिवसांनंतर आठवड्यातून दोनदा मऊ कापडाने अंग हलके चोळावे आणि रोज साधे खोबरेल किंवा मॉइश्चरायझर लावावे. यामुळे नवे केस त्वचेत अडकत नाहीत. तरीही एखादा अडकला तर कोमट पाण्याचा शेक द्यावा. सुईने, पिनने उकरत बसू नये. तिथे पू होतो आणि डाग कायमचा राहतो.

"आठ दिवसांत केस आले, वॅक्स खराब होता" अशी तक्रार नेहमी येते. पण सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. त्या दिवशी जे त्वचेच्या आत होते ते नंतर वर येतात. म्हणून पुढचे वॅक्सिंग तीन-चार आठवड्यांनी करावे, मधे वस्तरा फिरवू नये.

घरचा साखरेचा वॅक्स

अरब देशांत साखर-लिंबाच्या या वॅक्सला 'हलावा' म्हणतात, म्हणजे गोड पदार्थ! दोन वाट्या साखर, पाव वाटी पाणी आणि पाव वाटी लिंबाचा रस जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवावा. मधासारखा तांबूस रंग आला की उतरवावे. लिंबू शिजल्यावर पाकात मुरते आणि वॅक्स शेवटी धुऊन निघतो, त्यामुळे कच्चे लिंबू अंगाला चोळण्यासारखा त्रास यात होत नाही. साखरेचा वॅक्स पाण्याने धुतला जातो, राळेचा वॅक्स मात्र तेलानेच निघतो.

पण जपून! पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी तापतो आणि अंगाला चिकटून राहतो. मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा, किमान अर्धा तास निवू द्या, मनगटावर तपासा आणि मगच लावा. भाजलेच तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ यांतले काही लावू नका. फोड आला तर फोडू नका. चेहरा आणि नाजूक भाग यांवर घरी प्रयोग नकोत.

डॉक्टर केव्हा?

दोन दिवसांनंतरही लाली वाढतच असेल, पुवाच्या पुळ्या येत असतील, जागा गरम लागून ठणकत असेल किंवा ताप आला असेल तर पार्लरकडे नाही, डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असेल तर वाटच पाहू नये.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. हनुवटीवर, छातीवर, पोटावर अचानक राठ केस येऊ लागले, पाळी लांबू लागली, मुरुम आणि वजन वाढले, तर ते पीसीओएससारख्या संप्रेरकांच्या बिघाडाचे लक्षण असू शकते. दर महिन्याला माझ्याकडे येऊन हनुवटी साफ करून घेणाऱ्या मुलींना मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला सांगते. वॅक्सने केस जातो, कारण जात नाही.

आयांशी दोन शब्द

"हिच्या हातांवर किती केस आहेत बघा हो" असे म्हणत तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन येणाऱ्या आया मला भेटतात. मुलगी खाली मान घालून उभी असते. मी आईला बाहेर बसवते आणि मुलीला विचारते, "तुला हवंय का गं?" ती "नको" म्हणाली तर चहा पाजून दोघींना घरी पाठवते. अंगावरचे केस म्हणजे घाण नव्हे. स्वच्छतेसाठी ते काढलेच पाहिजेत असे नाही. प्रसूतीच्या आधीसुद्धा नेहमीची पद्धत म्हणून केस काढू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे. वॅक्सिंग ही आवड आहे, हौस आहे. हौसेला जबरदस्ती नसते.

तेव्हा यंदा घरात कार्य असेल तर कॅलेंडर काढा आणि हळदीच्या तारखेपासून मागे मोजा. वॅक्सिंगच्या तारखेवर एक खूण करा, तिच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस मोकळे ठेवा. चालू असलेल्या मलमांची आणि गोळ्यांची नावे चिठ्ठीवर लिहून पार्लरमध्ये न्या. मग मराठीत सांगा की कन्नडमध्ये, तुमची अक्का दोन्ही समजून घेईल.